सोळा कांड्या आणि सतरा वर्षांची घोडी

टाकीचं झाकण काढलं की पांढरी वाफ काठावरून खाली ओघळते आणि क्षणभर आतलं काहीच दिसत नाही. वाफ निवळल्यावर मी कांड्यांचा डबा टाकीच्या मानेच्या आतच ठेवून जरा वर घेतला आणि चिमट्याने चाळवून मोजलं. सोळा. अर्ध्या मिलिलिटरची एकेक कांडी, प्रत्येकीत साधारण १० कोटी शुक्रजंतू, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या. ज्या घोड्याच्या त्या होत्या, तो तीन वर्षांपूर्वी पोटशुळाने गेला होता. आता आणखी एकही मिळणार नव्हती.

“आठ कांड्यांची एक मात्रा असं प्रमाणपत्रावर लिहिलंय,” मालकांची मुलगी म्हणाली. “म्हणजे दोन वेळा होईल ना, डॉक्टर?”

मी ‘हो’ म्हणालो. हिशेब चुकीचा नव्हता. पण घोडीला हातही लावण्याआधी मी कांड्यांचा हिशेब मान्य केला. त्याची किंमत काय पडली, ते पुढे येईलच.

घोडीची माहिती

रंगाने तांबडी म्हणून घरात तिचं नावच तांबडी. वय १७. तीन शिंगरं झालेली, सगळी नैसर्गिक पद्धतीने, शेवटचं पाच वर्षांपूर्वी. त्या वेळी जार अडकली होती आणि ती दुसऱ्या दिवशी काढावी लागली होती. त्यानंतर दोन हंगाम रिकामे गेले. पहिल्या हंगामात दोनदा घोडा लावला. दुसऱ्या हंगामात थंड वीर्य मागवून दोनदा कृत्रिम रेतन केलं. दोन्ही वेळी सोळाव्या दिवशी घोडी रिकामी.

जुन्या नोंदवहीत रेतनाच्या दोन्ही फेऱ्यांसमोर जवळपास एकच ओळ होती: फॉलिकल (बीजकोषातली बीज धरणारी पिशवी) ३५ मिमी, बीज सुटण्याचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी रेतन. बीज कधी सुटलं, रेतनानंतर गर्भाशयात पाणी साचलं का, याबद्दल एक अक्षर नव्हतं. वहीतल्या त्या रिकाम्या जागेनेच मला सगळ्यात जास्त सांगितलं. रेतन झालं की काम संपलं असं समजणारे तबेले आणि डॉक्टर पुष्कळ आहेत. तरुण घोडीत ते खपूनही जातं. तांबडीसारख्या घोडीत खरं काम रेतनानंतरच सुरू होतं.

घोडीला खोड्यात घेतलं. पाठीमागून पाहताच एक गोष्ट दिसली. गुदद्वार आत ओढलं गेलं होतं आणि योनीचे ओठ सरळ उभे न राहता वरून पुढे कलले होते. हाताने ओठ जरा अलग केले तसा हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला. तीन बाळंतपणं, वय आणि उतरलेलं मांस यांमुळे असं होतं. प्रत्येक पावलागणिक हवा आत, हवेबरोबर शेणाचे कण आत.

सोनोग्राफीत गर्भाशय पुढे, पोटाच्या पोकळीत लोंबलेलं दिसलं. घोडी माजावर होती आणि आत २ सेंटिमीटर खोलीचं पाणी होतं. गर्भाशयाच्या डाव्या शिंगाच्या, म्हणजे डाव्या फाट्याच्या, मुळाशी दोन गाठी होत्या, एक १४ मिमीची आणि एक ९ मिमीची. या गाठी स्वतः फारसा त्रास देत नाहीत, पण पंधराव्या दिवशी गर्भाच्या पिशवीसारख्याच काळ्या गोल दिसतात. म्हणून त्यांची जागा आणि माप त्याच दिवशी कागदावर चित्र काढून नोंदवलं.

गर्भाशयाच्या आतला नमुना घेतला. पेशींच्या तपासणीत न्यूट्रोफिल, म्हणजे दाह दाखवणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर होत्या, कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस झूएपिडेमिकस हा जंतू वाढला. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो केनी यांच्या प्रतवारीत ‘दोन-ब’ आला. ही प्रतवारी जगभर वापरली जाते. ‘एक’ म्हणजे चांगलं अस्तर, ‘तीन’ म्हणजे फार खराब. ‘दोन-ब’मध्ये, सगळी व्यवस्था नीट ठेवली तरी, शिंगरू पूर्ण दिवस भरून जन्माला येण्याची शक्यता १० ते ५० टक्के धरतात.

हा आकडा मी मालकांना तसाच सांगितला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पन्नासच्या बाजूला न्यायला काय करावं लागेल?” सबंध प्रकरणात मला विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता.

कोणते रस्ते होते

नैसर्गिक संयोगाचा विचार आधी बाजूला पडला, कारण घोडाच नव्हता. पण तो असता तरी या घोडीला मी तो लावू दिला नसता. नैसर्गिक संयोगात वीर्याबरोबर बाहेरचे जंतूही गर्भाशयात जातात. निरोगी घोडी ते एक-दोन दिवसांत बाहेर टाकते. तांबडीचं गर्भाशय ते टाकत नव्हतं, हे आधीच दिसलं होतं. थरोब्रेड जातीत मात्र नैसर्गिक संयोगाशिवाय पर्याय उरतच नाही. तिथे फक्त नैसर्गिक संयोगातून झालेलं शिंगरूच नोंदलं जातं, कृत्रिम रेतनाचं नाही. इतर बऱ्याच जातींच्या नोंदणीत कृत्रिम रेतन चालतं, पण मेलेल्या घोड्याच्या वीर्यासाठी काही ठिकाणी मुदत असते. आम्ही पहिल्या आठवड्यातच लेखी विचारून घेतलं. शिंगरू झाल्यावर ते नोंदता येत नाही असं कळण्यासारखं दुःख नाही.

ताजं वीर्य म्हणजे कृत्रिम योनीत गोळा केलेलं, गाळलेलं, दूध-ग्लुकोजच्या द्रावणात मिसळून तिथल्या तिथे सोडलेलं. मात्रेत पुढे धावणारे ५० कोटी शुक्रजंतू पुरतात आणि ते घोडीच्या शरीरात दोन दिवस किंवा जास्तही तग धरतात. एक दिवसाआड रेतन केलं तरी चालतं. वेळेची चूक सगळ्यात जास्त पोटात घालणारी पद्धत हीच. पण त्यासाठी घोडा दारात हवा.

थंड वीर्य ५ अंशांवर ठेवून पाठवतात. ते हळूहळू थंड करावं लागतं. साधारण १९ अंशांपासून ८ अंशांपर्यंतचा टप्पा घाईने पार केला तर शुक्रजंतूंच्या आवरणाला इजा होते. एक दिवसात निम्मे तरी टिकावेत म्हणून डब्यात १०० कोटी भरतात. हा पर्याय आमच्याकडे होता. मेलेल्या घोड्याचा एक मुलगा जिवंत होता, त्याचं वीर्य चोवीस तासांच्या आत पोहोचू शकत होतं. साधारण चांगल्या घोडीत एका फेरीत गाभण राहण्याचं प्रमाण थंड वीर्याने निम्म्याच्या आसपास किंवा जरा वर असतं, गोठवलेल्याने ते ३० ते ५० टक्क्यांत राहतं. मी मुलाचा पर्याय मनापासून मांडला.

“नातवंड नको, डॉक्टर. त्याचंच पिल्लू हवंय,” मालक म्हणाले. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

गोठवलेलं वीर्य वितळवल्यावर फार तर बारा तास कामाचं राहतं. त्यातले बरेचसे शुक्रजंतू अर्धवट थकलेले असतात. बीज सुटल्यावर तेही सहा-आठ तासच ताजं राहतं. म्हणून रेतन बीज सुटण्याआधी बारा तास ते सुटल्यानंतर सहा तास, या खिडकीत बसवावं लागतं. दुसरी अडचण कमी लोकांना ठाऊक असते. गोठवताना वीर्यातला नैसर्गिक द्रव जवळजवळ सगळा काढून टाकतात. त्या द्रवाने गर्भाशयाचा दाह आवरायला मदत होत असते. त्यामुळे गोठवलेल्या वीर्याने दाह जास्त होऊ शकतो. म्हणजे ज्या घोडीचं गर्भाशय आधीच कमजोर, तिलाच सगळ्यात जाचक पर्याय वाट्याला आला होता.

गर्भ प्रत्यारोपणाचा विचार झाला. सातव्या-आठव्या दिवशी गर्भ धुऊन काढायचा आणि त्याच वेळी माजावर आणलेल्या दुसऱ्या निरोगी घोडीत ठेवायचा. अकरा महिने पोट वागवण्याचा भार त्यामुळे म्हाताऱ्या घोडीवर पडत नाही. पण गर्भ सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयात उतरतो, आणि तोवर आत घाण पाणी साचलेलं असेल तर तो तिथेच संपतो. शिवाय औषधांनी घोडीकडून एकाच वेळी बरीच बीजं मिळवणं गायीइतकं जमत नाही, बहुतेक वेळा एकच गर्भ हाती लागतो.

राहिली इक्सी. बीजकोषातून सुईने बीजं काढायची आणि प्रयोगशाळेत एका बीजात एकच शुक्रजंतू सोडायचा. या मार्गाने पहिलं शिंगरू १९९६ मध्ये जन्मलं. मालकांना घोडीला लांबच्या प्रयोगशाळेत न्यायचं नव्हतं, बीजकोषात सुई घालण्याचीही धास्ती होती. मी तो विषय तिथेच सोडला. सोडायला नको होता. इक्सीला पूर्ण कांडी लागत नाही. नायट्रोजनमध्येच कांडीचा बारीक तुकडा कापून वापरतात, उरलेली परत गोठलेलीच ठेवता येते. आमच्या सोळा कांड्या त्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने वर्षानुवर्षांचा साठा होत्या. हे मी पहिल्याच दिवशी समोर ठेवायला हवं होतं आणि निर्णय त्यांना घेऊ द्यायचा होता.

रेतन न केलेली फेरी

पहिलं काम गर्भाशय साफ करणं. तीन दिवस रोज सलाइनने धुतलं आणि चाचणीप्रमाणे आत पेनिसिलिन दिलं. पहिल्या दिवशी परत आलेलं पाणी बाटलीत धरून उजेडाकडे केलं तर ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं आणि तळाशी पांढरे धागे बसत होते. तिसऱ्या दिवशी बाटलीतून पलीकडची अक्षरं वाचता आली. मग योनीच्या ओठांचा वरचा भाग शिवला. ही कॅस्लिक यांची शस्त्रक्रिया, १९३७ पासून चालत आलेली, आणि आजही इतकी साधी आणि इतक्या कामाची दुसरी नाही. खाली हात जाईल एवढी जागा ठेवली. नैसर्गिक संयोगासाठी ही शिवण उसवावी लागते, रेतनासाठी लागत नाही.

पुढच्या फेरीत मी रेतन करणार नाही म्हटल्यावर मुलीचा चेहरा उतरला. हंगामातले तीन आठवडे जाणार होते. पण कांड्या परत मिळणार नव्हत्या, आठवडे मिळणार होते. मला तांबडीची स्वतःची मापं हवी होती.

रोज सोनोग्राफी केली. फॉलिकल दिवसाला ३ मिमीच्या आसपास वाढत होतं. ३५ मिमीला आले तेव्हा गर्भाशयाच्या घड्यांवरची सूज नुकती चढत होती. चाकाच्या आऱ्यांसारखी जी ठसठशीत नक्षी दिसते, ती ४० मिमीनंतर आली. ४६ मिमीला सूज ओसरू लागली आणि दुसऱ्या सकाळी बीज सुटलेलं होतं. जुन्या वहीतली ‘३५ मिमी’ची ओळ तेव्हा उलगडली. त्या मापाला तिचं फॉलिकल तयारच नव्हतं. अशा वेळी दिलेलं इंजेक्शन वाया जातं किंवा बीज अपेक्षेपेक्षा दोन-तीन दिवस उशिरा सुटतं, आणि तोवर थंड वीर्य संपलेलं असतं. पुस्तकातलं ३५ मिमी हे किमान माप आहे. प्रत्येक घोडीचं आपलं वेगळं असतं आणि ते तिच्यात बऱ्यापैकी तसंच राहतं.

या फेरीत माजात आत ८ मिमी पाणी दिसलं. आधीच्या २ सेंटिमीटरच्या मानाने पुष्कळ बरं. पेशींचा नमुना स्वच्छ आला.

पहिल्या आठ कांड्या

बीज सुटल्यावर सहाव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन देऊन घोडीला परत माजावर आणलं. फॉलिकल ४२ मिमी, घड्यांवर भरपूर सूज, अशा संध्याकाळी ८ वाजता डेस्लोरेलिन दिलं. या औषधाने बहुतेक घोड्यांत बीज ३६ ते ४२ तासांत सुटतं. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी ८ ते दुपारी २. आम्ही आदल्या संध्याकाळपासूनच दर सहा तासांनी पाहायला लागलो. रात्री २ वाजता फॉलिकल मऊ पडलं होतं, कडेने गोल न राहता पेरूसारखं एका टोकाला निमुळतं झालं होतं. सकाळी ८ वाजता तिथे काळा गोल नव्हता, आकसलेली राखाडी जागा होती. म्हणजे बीज सुटून जास्तीत जास्त सहा तास.

पाणी ३७ अंशांवर तयार होतं. एकेक कांडी चिमट्याने काढून थेट पाण्यात, ३० सेकंद. मग कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंब शुक्रजंतूंना मारतो. टोक कापून नळीत रिकामी करायची. आठही कांड्या वितळल्या. कोमट काचपट्टीवर एक थेंब घेऊन मुलीला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. तिने बराच वेळ डोळा काढला नाही. पुढे धावणारे ३५ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे मात्रेत २८ कोटी. लागतात २० ते २५ कोटी. वीर्यात काही कमी नव्हतं.

रेतन केलं, चार तासांनी गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनची २० युनिट्स द्यायला सांगितली आणि मी दुसऱ्या एका अडलेल्या घोडीकडे गेलो. परत आलो तेव्हा रेतनाला दहा तास झाले होते. सोनोग्राफीत साडेतीन सेंटिमीटर पाणी. ते स्वच्छ पाण्यासारखं काळंही नव्हतं, राखाडी ठिपक्यांनी भरलेलं होतं. लगेच तीन लिटरने धुतलं. दुसऱ्या दिवशी परत दीड सेंटिमीटर, परत धुतलं. तिसऱ्या दिवशी गर्भाशय रिकामं झालं.

पंधराव्या दिवशी घोडी रिकामी होती. डाव्या शिंगात फक्त आपल्या ओळखीच्या दोन गाठी, जागच्या जागी.

चूक माझी होती. शुक्रजंतू चार तासांत बीजनलिकेत पोहोचतात, त्यानंतर गर्भाशय धुतलं तर त्यांचं काही बिघडत नाही. मागे उरतात ते मेलेले शुक्रजंतू, द्रावण आणि दाहाचं पाणी. या घोडीचं गर्भाशय ते स्वतःहून बाहेर टाकू शकत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी सहाव्या तासाला तिथे नव्हतो आणि माझ्या जागी कोणाला नेमलंही नव्हतं. मालकांना मी हे स्पष्ट सांगितलं. त्याच संध्याकाळी इक्सीचा विषयही पुन्हा काढला आणि कांडीच्या तुकड्यांचं गणित सांगितलं.

मुलगी जरा थांबून म्हणाली, “मग आता आठही वापरू नका. चारच वापरा.”

चार कांड्या

चार कांड्यांत पुढे धावणारे १४ कोटी. गर्भाशयाच्या मुख्य भागात सोडले तर कमी पडले असते. म्हणून लांब लवचीक नळी घेऊन बीज सुटलेल्या बाजूच्या शिंगाच्या टोकाशी, बीजनलिकेच्या तोंडाजवळ वीर्य ठेवायचं ठरवलं. गुदमार्गातून हात घालून नळीचं टोक बोटांनी पुढे सरकवत न्यायचं. हे काम घाईचं नाही. शिंग नळीवर मोज्यासारखं चढवत जावं लागतं, ओढाताण केली तर अस्तराला खरचटतं. कमी मात्रेसाठी ही पद्धत उपयोगाची. पण तिने दाह कमी होतो असं मी कोणाला सांगणार नाही.

दाहासाठी वेगळी तयारी केली. बीज सुटण्याच्या आदल्या दुपारी आत १ सेंटिमीटर पाणी दिसलं, ते धुऊन काढलं आणि ऑक्सिटोसिन दिलं. रेतनाच्या वेळी डेक्सामेथासोनचा एकच डोस दिला. म्हाताऱ्या घोडीत दाह आवाक्यात ठेवायला तो मदत करतो. कल्चर स्वच्छ आहे याची मात्र आधी खात्री केली होती, नाहीतर हे औषध उलटतं. या वेळी डेस्लोरेलिन रात्री १० वाजता दिलं, म्हणजे बीज दुपारी सुटेल आणि पुढचे बारा तास मी जागा असेन. हा साधा बदल मी पहिल्याच वेळी करायला हवा होता.

बीज उजव्या बाजूला सुटलं. सकाळी १० वाजता फॉलिकल होतं, दुपारी २ वाजता नव्हतं. अडीच वाजता रेतन झालं. त्यानंतर मी तबेल्यातच बसून राहिलो. घोडीला दर तासाला दहा मिनिटं चालवलं. चालण्याने लोंबलेल्या गर्भाशयातलं पाणी पुढे सरकतं, आणि हा उपाय कोणालाही करता येतो. साडेसहाला सोनोग्राफी: २ सेंटिमीटर. पाणी किती आहे हे न मोजता धुवायचं असं आधीच ठरलं होतं, तसं धुतलं. पहिल्या लिटरचं पाणी गढूळ, दुसऱ्याचं फिकट, तिसऱ्याचं स्वच्छ. मग दर सहा तासांनी ऑक्सिटोसिन. प्रोस्टाग्लँडिनही गर्भाशय आकसवतं आणि जास्त वेळ काम करतं, पण बीज सुटल्यानंतर दिलं तर त्या जागी नुकत्या तयार होणाऱ्या पीतपिंडाला धक्का लागू शकतो, म्हणून ते टाळलं. दुसऱ्या सकाळी ७ मिमी, तिसऱ्या सकाळी काहीच नाही.

पंधराव्या दिवशी तपासायला घेतलं तेव्हा डाव्या शिंगात त्याच दोन गाठी दिसल्या. कागदावरच्या चित्राशी त्या ताडून पाहिल्या. मग गर्भाशयाच्या मुख्य भागात आणखी एक गोल दिसला, २० मिमीचा, कडा रेखीव. मी तो तसाच सोडून बीजकोष पाहिले: पीतपिंड एकच, म्हणजे जुळ्याची धास्ती कमी. वीस मिनिटांनी परत पाहिलं तर तो गोल उजव्या शिंगात सरकला होता. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भ असा फिरत असतो, गाठी फिरत नाहीत. मुलीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “हाच?” मी मान हलवली. ती बाहेर गेली आणि बाबांना हाक मारली.

सव्विसाव्या दिवशी हृदयाची लुकलुक दिसली. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, पुरेसं होतं, म्हणून त्याच्यासारखं काम करणारं अल्ट्रेनोजेस्ट दिलं नाही. अनेक डॉक्टर अशा वयाच्या घोडीला ते देतात, मला त्यात गैर वाटत नाही. पस्तीस दिवसांच्या पुढे गर्भाशयात एंडोमेट्रियल कप्स, म्हणजे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, तयार होतात. त्यानंतर गर्भ गेला तर घोडी बरेच दिवस नीट माजावर येत नाही आणि हंगाम हातातून जातो. म्हणून ४५ आणि ६० व्या दिवशी पुन्हा पाहिलं. हर्पिस विषाणूची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात दिली.

दिवस भरत आले तशी ३२० व्या दिवशी शिवण उसवली. ती राहून गेली तर व्याताना फाटते. ३४३ व्या रात्री घोडी व्याली. मादी शिंगरू, पन्नास मिनिटांत उभं राहिलं, दीड तासात आचळाला लागलं. जार अडीच तासांत पडली. मागचा अनुभव असल्याने मी ती जमिनीवर पसरून दोन्ही शिंगांची टोकं पूर्ण आलीत ना ते पाहिलं. चोवीस तासांनी शिंगराचं रक्त तपासलं, चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं पुरेशी उतरली होती. तांबडीने मात्र या खेपेला फार मांस टाकलं होतं. कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे दिसत होते.

पुढच्या महिन्यात मालकांनी मला बोलावलं ते टाकीतला नायट्रोजन मोजायला. मुलीने लाकडी पट्टी आत बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. पट्टीवर जिथवर पांढरं दहिवर धरलं तिथवर पातळी, १८ सेंटिमीटर. वहीत तारीख घालून तिने ते लिहिलं आणि त्याखाली ‘कांड्या: ४’. तांबडीला पुन्हा भरवायचं नाही, असं मालकांनी आपणहून ठरवलं होतं. तांबडीची दुसरी मुलगी नऊ वर्षांची आहे, दुसऱ्याच घोड्यापासून झालेली, अजून एकदाही न भरवलेली. तिचं गर्भाशय मी त्याच दिवशी तपासलं. पाणी नव्हतं, ओठ सरळ आणि घट्ट मिटलेले होते, नमुना स्वच्छ आला. चारही कांड्या तिच्यासाठी एका रेतनात घालवायच्या की एक कांडी इक्सीच्या प्रयोगशाळेत पाठवून तीन राखायच्या, हे अजून ठरलेलं नाही. प्रयोगशाळेला पत्र मुलीनेच लिहिलं आहे. या वेळी तिने पहिला प्रश्न कांडीबद्दल विचारलेला नाही. घोडीची कोणकोणती तपासणी करून पाठवायची, असं विचारलं आहे.